ट्रिझच्या साइटची जागतिक सूची: चार स्वयंसेवकांनी सुरुवात कुठून करायची

रोमन अक्षरांत 'ट्रिझ' लिहून इंटरनेटवर शोधून बघा. सोव्हिएत शोधक गेनरिख आल्टशुलर यांची कल्पक प्रश्न-उकल पद्धत सापडेल, पण तिच्याबरोबर पोर्तुगीजमधल्या फुटबॉलच्या बातम्याही येतील. त्याच स्पेलिंगचा शब्द पोर्तुगीजमध्ये 'थोडक्यात हुकलं', 'जेमतेम वाचलो' असं म्हणताना वापरतात. मग वाटतं, आंतरराष्ट्रीय ट्रिझ संघटनेच्या नावाने शोधावं. तिचं लघुनाव 'मॅट्रिझ'. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ गणितातला तक्ता किंवा कंपनीचं मुख्य कार्यालय, त्यामुळे संघटनेच्या जागी भलतीच मुख्य कार्यालयं समोर येतात. १९९० च्या दशकात हीच पद्धत इंग्रजीत 'टिप्स' या आद्याक्षरांनीही ओळखली जायची. त्या शब्दाने शोधलं तर काय मिळेल हे सांगायला नको.

ज्याचं नाव शोधयंत्राला धड कळत नाही, त्या विषयासाठी माणसांनी बसून सूची करावी लागते. मी अशा कामात काही वर्षं घालवली आहेत. 'आम्हाला करायचंय, सुरुवात कुठून करू?' असं विचारणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पैसे लागत नाहीत, प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं. चिकाटी मात्र बरीच लागते.

विषय नवा असेल तर एवढी पार्श्वभूमी पुरे. आल्टशुलर यांचा जन्म १९२६ चा. सोव्हिएत नौदलात पेटंटचं काम करताना त्यांना वाटलं, शोध लावणं ही दैवी देणगी नाही, त्यामागे काही ठरावीक चाली असतात आणि त्या शिकवता येतात. शोधांबाबतच्या देशातल्या अनास्थेवर त्यांनी मित्रासोबत थेट स्टालिनला पत्र लिहिलं. १९५० मध्ये अटक झाली, पंचवीस वर्षांची शिक्षा लागली आणि व्होर्कुताच्या छावणीत रवानगी झाली. स्टालिनच्या मृत्यूनंतर ते सुटले. राफाएल शापिरो यांच्यासोबतचा त्यांचा पहिला लेख १९५६ मध्ये मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. पुढे ४० तत्त्वं, ३९ गुणांचा विरोधाभास-तक्ता (एक गुण सुधारताना दुसरा बिघडतो, या पेचात कुठली तत्त्वं वापरावीत ते सुचवणारा), ७६ प्रमाण-उपाय आणि 'आरिझ' ही टप्प्याटप्प्याने जाणारी रीत तयार झाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, तिथले जाणकार अमेरिका, इस्रायल, युरोप, कोरिया असे विखुरले आणि जाईल तिथे आपापली साइट काढून बसले. सूचीची गरज त्या विखुरण्यातून आली.

पायरी १: आधी कुंपण घाला

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारणार, 'डिझाइन थिंकिंग घ्यायचं का? स्टार्टअपवाल्यांचे ब्लॉग? मनाच्या शक्तीवरचं ते पान?' उत्तर तयार नसेल तर सूचीचा उकिरडा व्हायला महिना पुरतो.

मी गाभ्यापासून बाहेरच्या कड्यांकडे जातो. गाभ्यात ट्रिझ. पहिल्या कड्यात तिची लेकरं: इस्रायलमध्ये वाढलेली 'सिट', फोर्ड कंपनीत आकाराला आलेली 'युसिट' वगैरे. दुसऱ्या कड्यात वेगळ्या मुळाच्या पण याच कामाच्या पद्धती: ॲलेक्स ऑस्बर्न यांचं ब्रेनस्टॉर्मिंग, फ्रिट्झ झ्विकी यांचं रूपविश्लेषण, विल्यम गॉर्डन यांचं सिनेक्टिक्स, एडवर्ड डी बोनो यांचा पार्श्वविचार, लॉरेन्स माइल्स यांचं मूल्य-विश्लेषण. त्यापलीकडे 'नवोन्मेष' या नावाखाली जे काही विकलं जातं, ते कुंपणाबाहेर.

कड्यांवरून वाद होणारच. तेव्हा एक प्रश्न कामाला येतो: ही साइट वाचून माणूस आपल्या अडलेल्या प्रश्नावर नेमकी कुठली कृती करेल, हे सांगता येतं का? 'विरोधाभास लिहून काढेल', 'भागांचा तक्ता मांडेल' असं उत्तर आलं तर घ्या. 'त्याला उत्साह वाटेल' असं आलं तर नमस्कार करून पुढे जा. नियम अर्ध्या पानात लिहून सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवा.

पायरी २: शीट एकच ठेवा

सुरुवातीला साधी ऑनलाइन शीट पुरते. डेटाबेस, ॲप, लोगो यांच्या नादी लागू नका. लोगोवर महिनाभर चर्चा करून एकही नोंद न केलेला गट मी पाहिला आहे, त्यात मीही होतो.

रकाने असे ठेवा: कायमचा क्रमांक, साइटचं मूळ लिपीतलं नाव, तेच नाव रोमनमध्ये, पत्ता, भाषा, चालवणारी व्यक्ती की संस्था, पद्धत, साहित्याचा प्रकार, चार ओळींचं वर्णन, वर्णन कुणी लिहिलं, साइट उघडून शेवटची कधी पाहिली आणि सध्याची स्थिती. क्रमांक एकदा दिला की दिला. साइट मेली तरी तो दुसरीला देऊ नका, नाहीतर जुन्या पत्रव्यवहारातला '४७ क्रमांक' कोणता यावरून गोंधळ होतो.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. ०३-०४ म्हणजे एकाला तीन एप्रिल वाटतं आणि दुसऱ्याला चार मार्च. भाषेसाठी आयएसओ ६३९ चे संकेत वापरा, म्हणजे एकजण 'चिनी', दुसरा 'मँडरिन' आणि तिसरा 'चायनीज' लिहीत बसणार नाही. 'देश' हा रकाना मी काढूनच टाकला. सर्व्हर एका देशात, लेखक दुसऱ्या आणि वाचक तिसऱ्या, मग लिहायचं काय? भाषा मात्र पान उघडल्यावर डोळ्यांना दिसते.

'शेवटची कधी पाहिली' हा रकाना सगळ्यांत मोलाचा आहे. वाचक सूचीवर भरवसा ठेवतो तो आकड्यासाठी नाही, कुणीतरी हे पान अलीकडे स्वतः उघडलं होतं यासाठी. तारीख नसलेली नोंद म्हणजे ऐकीव माहिती.

पायरी ३: पहिल्या तीस साइट

इथे शोधयंत्राकडे जाऊ नका. जाणकार कुणाकडे बोट दाखवतात ते बघा. आंतरराष्ट्रीय ट्रिझ संघटना, 'एट्रिया' ही युरोपीय संघटना, आल्टशुलर यांच्या नावाचं रशियन प्रतिष्ठान, नोव्हेंबर १९९६ पासून ऑनलाइन निघू लागलेलं 'द ट्रिझ जर्नल' ही बीजं. रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या प्रादेशिक ग्रंथालयात ट्रिझच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. त्याची यादी पाहिली की रशियनमध्ये कुणी काय काम केलं याचा नकाशाच हाती येतो.

या साइटवर 'दुवे' किंवा 'मित्र-साइट' असं जुनाट पान असतं. ते सोन्यासारखं जपा. त्यातले अर्धे पत्ते मेलेले असतील, तरी एकेक करून ते वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती दाखवणाऱ्या साइटवर, टाकून बघा. १९९६ साली सुरू झालेल्या इंटरनेट आर्काइव्हने २००१ पासून हे दालन सगळ्यांना खुलं केलं आहे. मेलेल्या पानाच्या जुन्या प्रतीत लेखकाचं नाव सापडतं, नावावरून त्याचा नवा पत्ता सापडतो. हळदीचा गड्डा उपटताना शेजारचे चार गड्डे आपोआप वर यावेत, तसं हे चालतं.

मग एकेका भाषेत शोधायला बसा. रशियनमध्ये चार सिरिलिक अक्षरांचं लघुनाव पुरतं, तिथे फुटबॉल आडवा येत नाही. चिनीत दोन वाटा आहेत: मुख्य भूमीवर 'आविष्काराच्या समस्या सोडवण्याचा सिद्धांत' असं लांबलचक नाव चालतं, आणि तैवानमध्ये 'त्सुइ-झी' हा दोन अक्षरांचा शब्द. उच्चार ट्रिझच्या जवळ जाणारा आणि अर्थ साधारण 'वेचलेलं शहाणपण'. ज्याने हा शब्द घडवला त्याला दाद द्यावीशी वाटते. आल्टशुलर हे आडनावही सिरिलिकमधून रोमनमध्ये येताना इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच वळणाने वेगवेगळं लिहिलं जातं. तिन्ही स्पेलिंगनी शोधा.

पायरी ४: माणसं भाषेनुसार जोडा

आम्ही पहिलं आवाहन केलं ते असं: 'जगभरच्या मित्रांनो, ज्याला जमेल त्याने मदत करावी.' भरभरून उत्तरं आली, अभिनंदन झालं, 'मी नक्की आहे' म्हणणारे बरेच निघाले. दोन महिन्यांनी शीट होती तिथेच होती. मग एकेकाला वेगळं पत्र लिहिलं: 'तुमच्या भाषेतल्या या पाच साइट मला सापडल्या आहेत. मला ती भाषा येत नाही. त्या उघडून यांतल्या कुठल्या कामाच्या, एवढं पुढच्या रविवारपर्यंत कळवाल का?' त्याला उत्तरं आली, आणि 'यात ही सहावी राहिली' अशी भरही पडली. मदत मागताना काम बोटावर मोजता येईल एवढं छोटं करा आणि शेवटचा दिवस सांगा.

दर भाषेला दोन माणसं असावीत. एकटा माणूस आजारी पडतो, नोकरी बदलतो, त्याला मूल होतं, आणि ती भाषा वर्षभर अंधारात जाते. दुसरं कारण म्हणजे एकट्या माणसाची आवड-निवड नकळत सूचीत उतरते. दोघांचं गुरुघराणं वेगळं असेल तर उत्तमच, आणि या क्षेत्रात घराणी आहेत बरं का, गाण्यातल्यासारखीच. कुणी आरिझशिवाय बोलत नाही, तर कुणाच्या मते तक्ता म्हणजे पोरखेळ.

भाषांतर यंत्राच्या भरवशावर अख्खी भाषा सोडू नका. पान कशाबद्दल आहे एवढं यंत्र सांगतं. लेखकाने स्वतः लिहिलंय की दुसऱ्याचं उचललंय, हे त्या भाषेतला वाचकच ओळखतो.

बैठका टाळा. टोकियोची सकाळ आणि ब्राझीलची रात्र जुळवण्यात जीव जातो. ईमेल आणि शीटवरचे शेरे पुरतात.

पायरी ५: नोंद लिहायला शिका

या पायरीवर घाई करू नका, खरं काम इथे आहे. नवा स्वयंसेवक पहिल्यांदा हमखास असं लिहितो:

'ट्रिझविषयी सर्वांगीण व उपयुक्त माहिती देणारे उत्तम संकेतस्थळ. अवश्य भेट द्या.'

हे वाक्य कुठल्याही साइटवर चिकटवता येतं, म्हणजे ते कुठल्याच साइटबद्दल काही सांगत नाही. आता त्याच साइटची दुसरी नोंद बघा:

'विरोधाभास-तक्ता ऑनलाइन चालवता येतो: काय सुधारायचंय आणि त्यामुळे काय बिघडतं ते निवडलं की सुचवलेली तत्त्वं येतात. तक्ता जुना, ३९ गुणांचा. प्रत्येक तत्त्वाला दोन-तीन यांत्रिक उदाहरणं, सॉफ्टवेअरची नाहीत. लेख मोजके. नोंदणी लागत नाही. मोबाइलवर तक्ता कडेने कापला जातो.'

वाचणाऱ्याला दहा सेकंदांत कळतं की हे त्याच्या कामाचं आहे की नाही. 'तक्ता जुना' हे दोन शब्द जाणकारासाठी मोलाचे, कारण २००३ मध्ये ४८ गुणांचा सुधारित तक्ताही आला आणि दोन्हींची उत्तरं वेगळी पडतात. मोबाइलवर तक्ता कापला जातो ही तक्रार किरकोळ वाटेल, पण लिहिणाऱ्याने साइट खरोखर उघडली होती याची ती खूण आहे.

माझी सवय अशी. मुखपृष्ठ बघायचं आणि लगेच विसरायचं, ते जाहिरातीसारखं असतं. आतली तीन पानं उघडायची: एक सर्वांत जुनं, एक सर्वांत नवं आणि एक मधलं. त्यावरून साइट किती वर्षं जिवंत आहे आणि अजून कुणी लिहितंय का ते कळतं. काही उतरवून घेता येत असेल तर ते खरंच उतरतं का ते बघायचं. मग साइट बंद करायची आणि आठवणीतून चार ओळी लिहायच्या. समोर उघडी ठेवून लिहिलं की तिचीच वाक्यं आपल्या हातून उतरतात, ते हक्कांच्या दृष्टीनेही बरं नाही. विशेषणं नंतर खोडून टाका. 'सखोल', 'दर्जेदार', 'अग्रगण्य' गेल्यावर काही उरत नसेल, तर त्या साइटमध्येही बहुधा काही नाही.

पहिल्या दहा नोंदी दोघांनी वेगवेगळ्या लिहून शेजारी ठेवा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त फरक निघतो. त्यावर बोलण्यात गेलेला तास पुढचे कित्येक तास वाचवतो.

पायरी ६: भरगच्च की आटोपशीर?

नोंदी दोनशेच्या पुढे गेल्या की गट दुभंगतो. एक पक्ष म्हणतो सगळं घ्या, जगभराची सूची म्हणवतो ना! दुसरा म्हणतो निवडक ठेवा, एवढं कोण वाचणार? मधला मार्ग म्हणून शंभरावर थांबलात तर दोन्ही पक्ष नाराज होतील.

विषयच कल्पक उकलीचा, तर इथे त्याचा उपयोग करायला काय हरकत आहे? एकाच वस्तूत दोन उलटे गुण हवे असतात तेव्हा ट्रिझ त्याला भौतिक विरोधाभास म्हणते. आपली सूची मोठीही हवी आणि लहानही. अशा वेळी तडजोड करायची नाही, दोन गुण वेगळे करायचे: वेळेत, जागेत, परिस्थितीनुसार, किंवा पूर्ण वस्तू आणि तिचे भाग यांच्यात. आम्ही जागेत वेगळे केले. मागे गोदाम, तिथे कुंपणाच्या आतलं सगळं. पुढे दालन, तिथे दर भाषेतल्या जास्तीत जास्त वीस. ट्रिझच्या ४० तत्त्वांपैकी सातव्यातल्या रशियन बाहुल्यांसारखं, एकीच्या पोटात दुसरी. दालनाची मर्यादा भाषेगणिक ठेवायचं कारण उघड आहे. एकच जागतिक वीस काढले तर इंग्रजी आणि रशियन मिळून सगळं गिळतात आणि बाकीच्या भाषांच्या वाचकाला हाती काही लागत नाही.

पंचविसावं तत्त्व 'स्वतःचं काम स्वतः'. साइटवाल्यांसाठी छोटा अर्ज ठेवा, पत्ता, भाषा आणि सुरू झाल्याचं वर्ष त्यांनीच भरावं. वर्णन मात्र त्यांच्या हाती देऊ नका. दहावं तत्त्व 'आधीच करून ठेवणं': नोंद करतानाच ते पान वेबॅक मशीनमध्ये जतन करा, साइट मेल्यावर धावपळ नको. हे एक मिनिटाचं काम आहे आणि त्याने किती वेळा वाचवलं याची मोजदाद ठेवलेली नाही.

तारे देऊ नका. चार ताऱ्यांच्या साइटचा मालक पाचव्यासाठी सहा पत्रं लिहितो. त्यापेक्षा 'कुणासाठी' ते लिहा: नवशिक्यासाठी, कारखान्यातल्या इंजिनिअरसाठी, शिक्षकासाठी, संशोधन करणाऱ्यासाठी. लहान मुलांना ट्रिझ शिकवणाऱ्या साइटची आणि ७६ प्रमाण-उपायांवरच्या चर्चेची तुलना होऊच शकत नाही, मग तारे कुठल्या फुटपट्टीने मोजणार?

पायरी ७: खण पाडू नका, पैलू द्या

समजा एक स्पॅनिश साइट आहे, शिक्षकांसाठी अभ्यासक्रम देते आणि सोबत एक छोटं सॉफ्टवेअर. ती 'शिक्षण' खाली ठेवायची की 'सॉफ्टवेअर' खाली? ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात याचं उत्तर देऊन ठेवलंय: वस्तू एका खणात कोंबू नका, तिचे पैलू वेगवेगळे नोंदवा. आमचे पैलू पाच: पद्धत, साहित्याचा प्रकार, भाषा, वाचक आणि वापराचं क्षेत्र. शीटमध्ये गाळणी लावली की स्पॅनिश, शिक्षक आणि सॉफ्टवेअर असं तिन्ही बाजूंनी ती साइट सापडते. दर पैलूत सात-आठच पर्याय ठेवा. 'इतर' मध्ये दहा नोंदी जमल्या की त्यात एखादा नवा पर्याय लपला आहे का ते बघा.

पायरी ८: मेलेल्या लिंका

प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ट्रिझच्या साइट तर बऱ्याचदा एकट्या सल्लागाराने घरून चालवलेल्या असतात. तो थकला की साइट जाते.

लिंका तपासणारी साधनं मोफत मिळतात, महिन्यातून एकदा चालवा. पण त्यांचं म्हणणं ब्रह्मवाक्य मानू नका. ती सर्व्हरचं उत्तर आकड्यांत दाखवतात: ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ४१० म्हणजे मुद्दाम काढलं, ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. इथवर ठीक. घोटाळा होतो तो २०० मध्ये. यंत्र म्हणतं 'सगळं छान', आणि उघडून बघावं तर डोमेन विकलं गेलेलं, वर ऑनलाइन जुगार चाललेला. आमच्या सूचीत अशी एक नोंद कित्येक महिने हिरव्या खुणेने मिरवत होती, एका वाचकाने कळवल्यावर कळलं. उलटही घडतं: काही सर्व्हर तपासणाऱ्या यंत्राला ४०३ देऊन दारातच अडवतात, माणसाला मात्र आत घेतात. काही साइट एका देशातून उघडतात आणि दुसऱ्यातून नाहीत. म्हणून 'बंद' लिहिण्याआधी त्या भाषेच्या स्वयंसेवकाला त्याच्या घरून उघडून बघायला सांगा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

मेलेली नोंद पुसू नका. स्थिती 'बंद' करा, तारीख घाला, जुन्या प्रतीचा दुवा द्या. त्या माणसाचं काम कुणाला तरी लागतंच. आणि वर्षातून एकदा दालनातली प्रत्येक साइट माणसाने उघडलीच पाहिजे. दर भाषेच्या वीस, दोन माणसं, म्हणजे माणशी दहा. एका दुपारचं काम आहे.

पायरी ९: हितसंबंध

या क्षेत्रातले बहुतेक जाणकार सल्ला किंवा प्रशिक्षण विकून पोट भरतात. त्यात गैर काही नाही, पण तेच तुमचे स्वयंसेवकही असणार. म्हणून नियम: स्वतःच्या, गुरूच्या किंवा मालकाच्या साइटची नोंद स्वतः लिहायची नाही, दालनात आणायचा प्रस्तावही मांडायचा नाही. 'अभ्यासक्रमाला पैसे लागतात' हे वर्णनात साध्या शब्दांत लिहायचं, नाक मुरडून नव्हे. नाकारलेल्या साइटला कारण कळवा, एका ओळीत का होईना. उत्तरच न मिळालेला माणूस रागावतो, कारण मिळालेला फारतर वाद घालतो. सूचीवर जाहिरात घेऊ नका, 'प्रायोजित नोंद' तर नकोच नको.

खाजगी ईमेल आणि फोन नंबर शीटमध्ये टाकू नका. साइटवर संपर्काचं पान असतं, त्याचा दुवा पुरे. युरोपातल्या माणसांची माहिती ठेवत असाल तर मे २०१८ पासून लागू झालेला तिथला विदासंरक्षण नियम ध्यानात असू द्या.

पायरी १०: परवाना, प्रत आणि किल्ल्या

हाताने केलेल्या सूच्यांचा इतिहास फार जुना नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या आभासी ग्रंथालयाला स्वयंसेवकांनीच वाढवलं. याहूची सुरुवात १९९४ मध्ये दोन विद्यार्थ्यांच्या हातच्या यादीतून झाली, आणि ती डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद पडली. सर्वांत मोठी डीमॉझ, १९९८ ते मार्च २०१७: शेवटी तिच्यात सुमारे ३८ लाख साइट होत्या आणि एकूण ९० हजारांवर संपादकांचे हात तिला लागले होते. ऑक्टोबर २००६ मध्ये तिचा मुख्य सर्व्हर कोसळला आणि संपादकांना जवळपास दोन महिने कामच करता आलं नाही. तरीही ती बंद झाल्यावर सगळं बुडालं नाही. तिची माहिती कुणालाही उतरवून घेता येत होती, म्हणून जुन्या संपादकांनी 'कर्ली' नावाने तीच सूची पुढे चालू ठेवली.

परवाना पहिल्या दिवशीच ठरवा. नोंदी पन्नास जणांनी लिहिल्यावर प्रत्येकाची परवानगी मागत फिरणं अशक्य होतं. मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या आणि वापरा' हा परवाना निवडतो. काहीजण 'सीसी शून्य' घेऊन सगळे हक्क सोडून देतात, तेही चांगलं. युरोपीय संघात १९९६ पासून माहितीसंचाला पंधरा वर्षांचा वेगळा हक्क आहे, त्यामुळे 'नुसती यादीच तर आहे, हिला परवाना कशाला' हे म्हणणं तिथे टिकत नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला शीट साध्या मजकुराच्या स्वरूपात, सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या यूटीएफ-८ संकेतनात उतरवा आणि दोन वेगळ्या खंडांतल्या दोन माणसांकडे ठेवा. यूटीएफ-८ न पाळल्यामुळे आमची एक संपूर्ण कोरियन प्रत प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसली होती.

राहिल्या किल्ल्या. शीट कुणाच्या खात्यावर आहे, डोमेनचं नूतनीकरण कधी आहे आणि कुणाच्या कार्डातून पैसे जातात, अर्जाची उत्तरं कुणाच्या पेटीत पडतात, हे सगळं एका पानावर लिहा आणि ते पान दुसऱ्या माणसाला पाठवा. मग त्याला सांगा: आज रात्री, मला न विचारता, तुझ्या लॉगिनने आत जा आणि एका नोंदीतली एक तारीख बदल. आमच्याकडे हे पहिल्यांदा केलं तेव्हा तो आत जाऊच शकला नाही. दुसऱ्या टप्प्याचा पडताळणी-संदेश माझ्या फोनवर येत होता, आणि मी झोपलो होतो.